शत्रुराष्ट्राच्या खेळाडूंविषयी आपली माध्यमे पक्षपाती लिहितात का?

तुम्ही विचारले आहे की, ज्या देशाशी आपले वैर आहे त्या देशाच्या खेळाडूंविषयी आपली वृत्तपत्रे आणि वाहिन्या पक्षपाती वार्तांकन करतात का, आणि करत असतील तर ते ओळखायचे कसे. मी एका मराठी दैनिकाच्या क्रीडा विभागात गेली चौदा वर्षे उपसंपादक आहे. माझे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र हा पक्षपात खोट्या बातमीत क्वचित सापडतो; तो मथळ्यातील क्रियापदात, बातमीतील क्रमात आणि गाळलेल्या एखाद्या ओळीत असतो. भारताचा भालाफेकपटू नीरज चोप्रा आणि त्याचा पाकिस्तानी प्रतिस्पर्धी अर्शद नदीम यांच्याविषयी जे लिहिले गेले, ते मी फार जवळून पाहिले आहे, म्हणून त्याच उदाहरणाने सांगतो.

७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरजने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक जिंकले; अर्शद ८४.६२ मीटरसह पाचवा आला. काही दिवसांनी एका मुलाखतीत नीरजने सहज सांगितले की, अंतिम फेरी सुरू होताना आपला भाला सापडेना, तो अर्शदच्या हातात दिसला, आणि तो परत मागून घेतल्यामुळे पहिली फेक घाईत करावी लागली. त्या संध्याकाळी ही बातमी माझ्याकडे आली आणि मी मथळा दिला: ‘नीरजचा भाला पाकिस्तानी खेळाडूच्या हाती!’ त्या ओळीत एकही शब्द खोटा नव्हता. परंतु ‘अर्शद’ हे नाव काढून मी त्याचा देश घातला होता आणि शेवटी उद्गारचिन्ह दिले होते. तेवढ्याने एका साध्या प्रसंगाला कटाचा वास आला.

भालाफेकीचा नियम असा आहे की, खेळाडूने स्वतःचा भाला स्पर्धेत आणला तर तो तपासून इतर भाल्यांसोबत ठेवला जातो आणि मग कोणताही स्पर्धक तो वापरू शकतो. ही एक ओळ बातमीत असती तर बातमीच उरली नसती. नियम तपासायला मला पाच मिनिटेही लागली नसती, आणि मी ती दिली नाहीत. २६ ऑगस्टला नीरजनेच चित्रफीत प्रसिद्ध करून सांगितले की, अर्शदने काहीही चुकीचे केलेले नाही आणि माझ्या बोलण्याचा अपप्रचारासाठी वापर करू नका. देशाला सुवर्ण मिळवून दिलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला आमची चूक निस्तरावी लागली, याची खंत मला आजही आहे.

तेव्हापासून मी एक कसोटी लावतो. त्याच अंतिम फेरीत जर्मनीचा युलियान वेबर चौथा आला होता. नीरजचा भाला त्याच्या हातात दिसला असता तर मी ती बातमी लावली असती का? लावली नसती, हे मला ठाऊक आहे. तुम्हीही वाचताना खेळाडूच्या जागी ज्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही अशा देशाचा खेळाडू ठेवून पाहा. बातमी तरीही बातमी राहिली तर ती बहुधा खरी आहे.

आपल्या खेळाडूला मोठी जागा देणे मी पक्षपात मानत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री, पॅरिसची अंतिम फेरी चालू असताना आमची शहर आवृत्ती थांबवून ठेवली होती आणि मथळा नीरजच्या रौप्याचाच होणार होता. त्यात गैर काही नाही. अर्शदने दुसऱ्याच फेकीत ९२.९७ मीटर अंतर गाठले आणि २००८ पासूनचा ९०.५७ मीटरचा ऑलिम्पिक विक्रम मोडला. नीरजची ८९.४५ मीटरची एकच फेक वैध ठरली, बाकीच्या पाच फाउल झाल्या. पहिल्या मसुद्यात मात्र नीरजचे ‘सुवर्ण हुकले’ होते आणि अर्शदचा विक्रम शेवटच्या परिच्छेदात होता, जणू सुवर्ण कोणी जिंकलेच नव्हते. मी तो विक्रम दुसऱ्या वाक्यात आणला. मियाँ चन्नूजवळच्या छोट्या गावातल्या गवंड्याच्या मुलाने पाकिस्तानला ऑलिम्पिकमधले पहिले वैयक्तिक सुवर्ण मिळवून दिले, हे आपल्या वाचकाला कळण्याने नीरजचे काहीच कमी होत नव्हते.

दुसऱ्या टोकाचा पक्षपात गोड असतो, म्हणून तो अधिक सहज खपतो. त्याच रात्री नीरजच्या आई सरोजदेवी म्हणाल्या की, ज्याला सुवर्ण मिळाले तोही आपलाच मुलगा आहे. आम्ही सर्वांनी ते वाक्य चौकटीत छापले आणि दोघांच्या जिवलग मैत्रीची कथा रचली. एप्रिल २०२५ मध्ये नीरजने बंगळुरूच्या आपल्या स्पर्धेसाठी इतर भालाफेकपटूंबरोबर अर्शदलाही निमंत्रण दिले होते. ते पाठवल्यानंतर पहलगामचा हल्ला झाला. मग त्याच निमंत्रणावरून नीरजच्या देशनिष्ठेवर प्रश्न उभे राहिले, आणि वर्षभरापूर्वी जिचे कौतुक झाले होते त्या आईला त्याच वाक्यावरून लक्ष्य केले गेले. नीरजला खुलासा करावा लागला, आणि पुढच्या महिन्यात दोहा येथे हेही सांगावे लागले की आम्ही कधी फार जवळचे मित्र नव्हतोच. मैत्रीही आम्हा माध्यमांनी रचलेली आणि वैरही आमचेच. ते दोघे मैदानावर एकमेकांचा मान राखणारे प्रतिस्पर्धी होते, आणि तेवढे छापणे कोणालाच पुरेसे वाटले नव्हते.

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा आठवडाभर आमच्याकडे ‘नीरज विरुद्ध अर्शद’ हीच मालिका चालली. प्रत्यक्षात नीरज आठवा आला, अर्शद दहावा, आणि सुवर्ण त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटने ८८.१६ मीटर फेकीने जिंकले. त्या फेरीत आपला सचिन यादव ८६.२७ मीटरसह चौथा आला होता, पदकापासून अवघा ४० सेंटीमीटर दूर. मालिकेच्या सातही दिवसांत त्याचे छायाचित्र आमच्या पानावर एकदाही आले नव्हते, आणि निकालाच्या रात्री ते शोधायला मला संग्रहात बराच वेळ लागला.