सोलर 3 किलोवॅट आणि स्कूटरची बॅटरी पण 3 किलोवॅट, मग दिवसात एकच स्कूटर चार्ज होणार का?

नाही हो, तीन-चार आरामात होतील. स्कूटरवाल्याने जाहिरातीत 'अवर' खाल्लाय, गोची तेवढीच आहे. बॅटरी 3 किलोवॅट-अवरची असते, म्हणजे आपल्या बिलातले 3 युनिट. सोलरचा 3 किलोवॅट मात्र खरोखर किलोवॅटच, म्हणजे वीज बनवायचा वेग, आणि आपल्याकडे एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट धरतात, म्हणजे साधारण 12 युनिट (पावसाळ्यात विसरा). त्यात त्याच स्कूटरच्या मोटरची ताकद पण किलोवॅटमध्येच छापलेली असते, म्हणजे एकाच कागदावर दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द, गिऱ्हाईक चक्रावणार नाही तर काय!

मला हे मीटरजवळ उभं राहून कळलं. मीटरवर एक लाल लाइट लुकलुकत असतो आणि बाजूला बारीक अक्षरात आकडा असतो, आमच्याकडे 3200 आहे, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की 1 युनिट झालं. घरातलं सगळं बंद करून फक्त 9 वॅटचा बल्ब ठेवा, दोन मिनिटांतून एकदा लुकलुकेल, आणि 2 किलोवॅटचा गीझर लावा, सेकंदाला जवळजवळ दोनदा. हा लुकलुकण्याचा वेग म्हणजे किलोवॅट, आणि महिनाभर किती वेळा लुकलुकला ते युनिट. बिल त्याचं येतं.

इन्व्हर्टर घेताना मी स्वतः फसलोय. दुकानदार म्हणाला, '850 चा आहे साहेब, 8 तास बघायला नको.' आता 850 व्हीए म्हणजे तो एका वेळी किती लोड झेलेल ते, किती वेळ चालेल ते बॅटरी ठरवते, तिच्यावर छापलेले 150 एएच (अँपिअर-अवर) गुणिले 12 व्होल्ट म्हणजे 1800 वॅट-अवर, पुरते 2 युनिट पण नाहीत, आमच्या 300 वॅटच्या लोडला हिशोबाने 6 तास आणि प्रत्यक्षात साडेचार तासांत अंधार. गावाकडे तर वडिलांना युनिट पटतच नाही, कारण बिनमीटरच्या शेतीपंपाचं बिल एचपीवर यायचं, मोटर कितीही तास चालवा.

तुम्ही स्कूटरवाल्याला एवढंच विचारा की पूर्ण चार्जला भिंतीतून किती युनिट लागतात. साडेतीनच्या आसपास म्हणाला (बॅटरी 3 ची असली तरी चार्ज करताना थोडी वीज वाया जाते) तर त्याला कळतंय, परत 'सर, 3 किलोवॅट' म्हणाला तर मालकाला बोलवायला सांगा.