मोठीचं सगळं थाटात झालं, जुळ्यांचं काहीच नीट होत नाहीये. तीन लहान मुलांच्या घरात तुम्ही हे कसं सांभाळता?

ताई, तुमच्या लांबलचक प्रश्नातून मला कळलं ते असं: मोठी मुलगी चार वर्षांची, जुळी (एक मुलगा, एक मुलगी) सात महिन्यांची. मोठीचं बारसं, उष्टावण, बोरन्हाण हॉल घेऊन झालं. जुळ्यांचं बारसं घरातल्या घरात उरकलं आणि उष्टावण राहूनच गेलंय. मुलगी बसायला लागली, मुलगा अजून कलंडतो. मोठी पुन्हा रात्री अंथरूण ओलं करायला लागली आहे. आणि धाकट्यांवर अन्याय होतोय या विचाराने तुमचा जीव लागत नाही.

मला तीन मुलं. मोठा आठ वर्षांचा, मधली साडेपाचची, धाकटी दीड वर्षाची होईल आता. आम्ही सांगलीत राहतो, सासूबाई आमच्याजवळ असतात, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. तीन मुलांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. ज्या बाळाचा टप्पा चालू असतो, त्याच्याकडे अख्खं घर बघत असतं. पण त्या टप्प्याने घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी जागा हललेली असते, आणि आईबापांनी बघायचं ते त्या दुसऱ्या मुलाकडे. तुमच्या घरात आत्ता ते दुसरं मूल म्हणजे तुमची चार वर्षांची मोठी. जुळ्यांचं फारसं काही बिघडलेलं नाही.

जागा म्हणजे अगदी झोपायची जागा. आमच्याकडे रात्री हॉलमध्ये गाद्या घालून ओळीने झोपतात, आणि आईच्या कुशीची जागा एकच असते. धाकटीच्या वेळी मला सातवा लागला तेव्हाच आम्ही मधलीची उशी बाबांच्या बाजूला नेली. कुठली गोधडी घ्यायची हे तिने ठरवलं. बाळ घरी आलं तोवर ती तिथे रुळली होती, त्यामुळे बाळाने आपली जागा घेतली असं तिला कधी म्हणावं लागलं नाही. तुमच्या दोन्ही बाजूंना एकेक बाळ आहे, म्हणजे मोठीला कूस उरलेलीच नाही. एक करून बघा. तिची छोटी गादी तुमच्या डोक्याशी आडवी घाला. रात्री तिचा हात तुमच्या केसांपर्यंत पोहोचतो, तुम्हाला कूस न बदलता तिला थोपटता येतं. माझ्या जावेने दुसऱ्या बाळंतपणानंतर असंच केलं होतं.

अंथरूण ओलं होण्याबद्दल घाबरू नका. पाच वर्षांपर्यंत रात्री असं होणं हा आजार मानत नाहीत, आणि घरात बाळ आल्यावर कोरडी झालेली मुलं पुन्हा ओलं करतात हे बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या बघण्यातलं आहे. गादीवर रबरी कापड घाला, झोपायच्या आधी शू करवून आणा, आणि सकाळी त्याचा उच्चारसुद्धा करू नका. आल्यागेल्यासमोर तर मुळीच नको. दिवसाही होऊ लागलं, लघवीला जळजळ झाली, ताप आला किंवा ती सारखं पाणी मागू लागली, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

आता तुमच्या मुलाचं बसणं. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांना महिनोन्महिने बघून २००६ साली काही मर्यादा प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय बसणं साधारण चौथ्या महिन्यापासून सव्वानऊ महिन्यांपर्यंत कधीही. एकट्याने चालणं सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. शंभरातली चारेक मुलं तर हातागुडघ्यांवर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. आमची मधली साडेदहा महिन्यांची असताना चालली आणि धाकटी चौदा महिने पुरे झाल्यावर. दोघीही त्याच मर्यादेत. शिवाय जुळी बरेचदा दिवस भरण्याआधी येतात. तुमची तशी आली असतील तर त्यांचं वय जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या तारखेपासून मोजायचं. दोन वर्षांपर्यंत तसंच मोजतात. सात महिन्यांचा मुलगा असा कदाचित सहाचाच निघेल. सव्वानऊ महिने उलटूनही बसला नाही, अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटलं, एकच हात वापरत असला, किंवा येत असलेली गोष्ट करायचा थांबला, तर वाट न बघता दाखवा.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. शेजारीशेजारी दोन बाळं असली की येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, "ही बसली बघा, हा आळशी दिसतोय." त्या बाळाला यातलं काही कळत नाही. ऐकते ती मोठी. तिच्या मनात हे बसतं की या घरात जो आधी करेल त्याचं कौतुक होतं, आणि मग ती ज्यात मागे पडेल ते लपवू लागते. आमच्याकडे कुणी असं बोललं की सासूबाई तिथल्या तिथे सांगतात, "आमच्याकडे कुणाला घाई नाही." एवढ्या एका वाक्याने तिघांचीही राखण होते, असं मी मनापासून मानते.

जुळी रांगायला लागतील तेव्हा मोठीचा खरा कसोटीचा काळ येईल. त्याची तयारी आत्तापासून करा. गेल्या दिवाळीत आमच्या धाकटीने पहिल्यांदा आधार सोडला. थोरल्याने अंगणात मातीचा किल्ला केला होता, हळीव पेरून हिरवळ उगवली होती, बुरुजावर मावळे मांडले होते. ही पायरीचा कठडा सोडून निघाली ती थेट किल्ल्याकडे. चार-पाच पावलं टाकली, बुरुजावर बसली आणि मावळा तोंडात घातला. आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय आणि थोरला ओठ घट्ट मिटून उभा, डोळ्यांतून पाणी. नवऱ्याने धाकटीला उचलून आत नेलं, तिच्या तोंडातून मावळा काढला. मी थोरल्याजवळ मातीत बसले. बुरूज पुन्हा उभा राहीपर्यंत आम्ही दोघं चालण्याबद्दल काहीच बोललो नाही. नंतर त्यानेच आईकडच्या आजीला फोनवर सांगितलं, "आमची छोटी चालायला लागली, पहिल्यांदा माझ्या किल्ल्यावर आली." ती बातमी सांगायचा मान त्याचाच होता.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: जमिनीवरचं सगळं धाकटीचं, टेबलावरचं सगळं मोठ्यांचं. रंग, पाटी, जोडायचे ठोकळे, अर्धवट चित्रं टेबलावर. तिथून धाकटीने ओढलं तर तिला उचलायचं. मोठ्यांना "लहान आहे ती, दे तिला" म्हणायचं नाही. हे वाक्य आम्ही दोघांनी घरातून काढूनच टाकलंय. चार वर्षांची मुलगीही लहानच असते हो.

उष्टावणाचं बघू. मुलाचं सहाव्या-आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या-सातव्यात अशी आपल्याकडे रीत, म्हणजे तुमच्या जुळ्यांचा मुहूर्त जुळणारच नाही. त्यावरून घरात वाद घालू नका. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू व्हायलाच हवं. अजून केलं नसेल तर उद्यापासून करा, कार्यक्रमासाठी थांबू नका. मामाला सवड असेल त्या रविवारी दोघांना मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतली खीर चाटवा. मामा झाल्यावर दुसरा चमचा मोठीच्या हातून. तिला ते आयुष्यभर सांगता येईल.

रोजच्या जेवणाचा वेगळा घाट घालायची गरज नाही. डाळ-भात शिजला की मीठ-तिखट आणि फोडणी पडायच्या आधी बाळांची वाटी काढून घ्यायची. ती वाटी वरणाच्या पाण्याची नसावी. नुसत्या पाण्यात पोटभरीचं काही नसतं आणि इवलंसं पोट त्यानेच भरून जातं. डाळ-भात एकत्र चांगला कुस्करून, वर तूप, चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही इतका दाट. कुस्करायचं काम आमच्याकडे मधलीचं होतं, वाटीच्या बुडाने. वर्षाच्या आत मध मात्र कुणालाही चाटवू देऊ नका, कितीही मोठ्या माणसाने आग्रह केला तरी.

एक बारीकशी गोष्ट, पण तुमच्याकडेही निघेल. १ मे २०२४ किंवा त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळांच्या नोंदीत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम असतो. आमची धाकटी त्या वर्षीच्या ऑगस्टमधली. तिचा दाखला आला तेव्हा मधली अक्षरं लावायला शिकत होती. तिने विचारलं, "हिच्या नावात आई आहे, माझ्या का नाही?" नियम समजावण्यात अर्थ नव्हता. मी तिच्या वहीवर तिचं नाव चारही शब्दांत लिहून दिलं. शाळेच्या कागदावर तीन शब्द आहेत, घरच्या सगळ्या वह्यांवर चार, थोरल्याच्याही. तुमच्या जुळ्यांचे दाखले मोठीसमोर वाचाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

लसीचंही तसंच. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी तुमच्या झाल्याच असतील. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची येईल. कार्डं दोन आहेत, सारखी दिसतात, अदलाबदल होते, म्हणून वेगळ्या रंगाच्या पिशव्यांत ठेवा. मोठीलाही पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, म्हणजे पुढचा डोस असतो, तो बाळांच्या गडबडीत विसरला जातो. जुळ्यांच्या दीड वर्षाच्या बूस्टरच्या सुमारास ती पाच वर्षांची होत आलेली असेल, तेव्हा तिचंही कार्ड बरोबर न्या आणि डॉक्टरांना विचारा. आम्ही गेल्या महिन्यात दोघींच्या लसी एकाच फेरीत घेतल्या. आधी मधलीने दंड पुढे केला, धाकटी टक लावून बघत राहिली. रडल्या दोघीही, पण एकमेकींचा हात धरून.

पहिला दात कधी आला ते आठवत नाही, फोटोही नाही, असं तुम्ही लिहिलंत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर गॅस लावल्याची तारीख लिहिता ना? त्याच चौकोनात लिहा: दात, पालथा पडला, पहिल्यांदा 'आबा' म्हणाली. जुळ्यांसाठी दोन रंगांची पेनं. मोठीला लिहिता येत नसेल तर तिने चित्र काढावं. आमच्या मधलीने धाकटीच्या पहिल्या दातासाठी तांदळाचा दाणा काढला होता. तिचे स्वतःचे दात आता सहाव्या वर्षाच्या आसपास पडायला लागतील, तेही तिथेच लिहायचे आहेत. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून कपाटावर ठेवायचं. हॉलमधल्या कार्यक्रमाचा अल्बम वेगळा आणि हे वेगळं, आणि मला विचाराल तर हे जास्त मोलाचं.

शेवटी तुमचा नेमका प्रश्न: या संक्रांतीला जुळ्यांचं बोरन्हाण करावं का? जरूर करा, रथसप्तमीपर्यंत कधीही, संध्याकाळी, घरीच. पाच वर्षांच्या आतल्यांचं बोरन्हाण करतातच, म्हणून मोठीलाही काळा फ्रॉक घालून मधे बसवा. हलव्याचे दागिने तिला घाला. जुळ्यांना नुसती काळी झबली पुरेत. दागिने घातलेच तर फोटोपुरते, कारण हातातलं सगळं त्यांच्या तोंडात जाणार. सात महिन्यांच्या बाळाला बोराची बी, हरभरा, चुरमुरा, हलव्याचा दाणा यातलं काहीही घशात अडकू शकतं. त्यामुळे त्यांना कुणाच्या तरी मांडीवर धरून खांद्यावरून मूठभर चुरमुरे सोडायचे आणि लगेच उचलून आतल्या खोलीत न्यायचं. बाकीचं भांडं मोठीच्या डोक्यावरून ओता: बोरं, उसाचे करवे, बत्तासे, सगळं. शेजारची मुलं बोलवा आणि लुटू द्या मनसोक्त. सगळे गेल्यावर सोफ्याच्या आणि कपाटाच्या खालून दोनदा झाडून घ्या, कारण तुमची लेक बसायला लागली आहे, म्हणजे लवकरच रांगेल आणि कोपऱ्यात राहिलेलं बोर सगळ्यांत आधी तिलाच सापडेल.