कोरियन: व्याकरणाला मराठी चालेल, उच्चाराला देवनागरी नको

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. टोपिक-१ मध्ये, म्हणजे कोरियन भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, दुसरी पातळी मिळाली, तरी कंपनीतल्या कोरियन साहेबांचं बोलणं कळत नाही. तुम्ही बोलता ते त्यांना कळत नाही. आणि आता ओळखीच्या मुलांना शिकवायचं म्हणताय, तर सुरुवात कुठून करायची? पहिल्या दोन्हींचं कारण तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहून गेलात: ‘वही अजून देवनागरीतच आहे.’

आधी परीक्षेबद्दल. टोपिक-१ मध्ये वाचन आणि श्रवण एवढंच असतं. २०० पैकी १४० गुण मिळाले की दुसरी पातळी. तोंड उघडायची वेळच येत नाही. त्यामुळे त्या प्रमाणपत्रावरून तुमच्या उच्चारांविषयी काहीच ठरत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

आता मूळ दुखणं. कोरियनमध्ये क, त, प या प्रत्येक जागी तीन-तीन व्यंजनं आहेत: साधं, महाप्राण आणि ताठ. लिपीतही हे स्पष्ट दिसतं, साध्या अक्षरात एक रेघ वाढवली की महाप्राण, तेच अक्षर दोनदा लिहिलं की ताठ. आपण लगेच त्यांना क-ख-ग च्या खणांत बसवतो आणि तिथेच फसतो. आपल्याकडे क आणि ग यांत फरक आहे घोषाचा, म्हणजे गळ्यातल्या कंपनाचा: ग म्हणताना गळा थरथरतो, क म्हणताना नाही. कोरियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला तिन्ही व्यंजनं अघोषच, म्हणजे कंपनाशिवायचीच असतात. ‘किम’ आडनावातला क आणि ‘गांगनाम’मधला ग हे एकच अक्षर आहे. ‘पार्क’चा प आणि ‘बुसान’चा बसुद्धा एकच. २००० साली सरकारने रोमन लेखनाचे नियम बदलले तेव्हा पुसानचं बुसान झालं, पण बुसानकरांच्या तोंडचा उच्चार तोच राहिला.

मग फरक ओळखायचा कशावरून? साध्या व्यंजनात थोडा श्वास सुटतो आणि पुढचा स्वर खालच्या पट्टीत लागतो. महाप्राणात श्वास जोरात आणि स्वर वरच्या पट्टीत. ताठ व्यंजनात श्वास जवळजवळ नाही, गळा आवळलेला, आणि स्वर पुन्हा वरच. सोलच्या तरुण पिढीच्या बोलण्यात साधं आणि महाप्राण यांतला श्वासाचा फरक इतका पुसट झालाय, की भेद मुख्यतः पट्टीवरच कळतो. म्हणून तोंडासमोर कागद धरून तो किती हलतो हे बघायची जुनी युक्ती एकटी पुरत नाही. दोन्ही वेळा कागद हलतो आणि विद्यार्थी गोंधळतो.

मराठी माणसाची गंमत अशी, की आपला ‘तवा’तला त किंवा ‘पाणी’तला प कोरियन कानाला ताठ व्यंजनासारखा लागतो. म्हणजे जे व्यंजन इंग्रजी पुस्तकांत सर्वांत अवघड म्हणून सांगतात, ते आपल्याला जवळजवळ फुकट मिळालंय. अडचण साध्याची. तुम्ही खोली या अर्थाचा शब्द मराठी प लावून ‘पांग’ म्हणालात, तर समोरच्याला पाव ऐकू येण्याची शक्यता दांडगी. चंद्र म्हणायला जाल आणि मुलगी ऐकू जाईल. त्यापेक्षा खालच्या पट्टीत ‘बांग’ म्हणालात तर निभावून जाईल, पण ती तात्पुरती सोय समजा. (हे सगळं मी इथे देवनागरीतच लिहितोय, त्याला इलाज नाही. वहीत उतरवून घेऊ नका.)

तेच साधं अक्षर दोन स्वरांच्या मध्ये आलं की मात्र घोष होतं. मालिकांमध्ये सारखा ऐकू येणारा, मूर्ख या अर्थाचा ‘पाबो’ घ्या. प आणि ब दोन्हींसाठी लिपीत एकच अक्षर आहे, आणि कोरियन माणसाला आपण दोन वेगळे आवाज काढतोय याचा पत्ताही नसतो. देवनागरीत लिहिणारा विद्यार्थी इथे दोन अक्षरं पाठ करतो आणि ऐकताना तिसरंच शोधत बसतो.

आणखी एक खास आपला खड्डा म्हणजे च आणि ज. आपल्याकडे चहाचा च वेगळा, चमच्याचा वेगळा. सोलच्या कोरियनमध्ये चहाचाच हवा. स्वरांत ‘ए’ आणि ‘ॲ’ यांच्या अक्षरांवर वेळ घालवू नका, बहुतेक कोरियन माणसांच्या बोलण्यातही तो फरक उरलेला नाही.

ऐकताना शब्द ओळखू येत नाहीत याचं दुसरं कारण संधी. आणि इथे मराठी शाळेत शिकलेलं कामाला येतं! वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ, हे आठवतंय? कोरियनमध्ये ‘कुक’ म्हणजे रस्सा, ‘मुल’ म्हणजे पाणी, जोडून उच्चार ‘कुङ्मुल’. वाक्याच्या शेवटी सतत येणारं ‘-म्निदा’ लिहिताना प आणि न असंच लिहितात. तोच नियम, फरक इतकाच की आपण उच्चाराप्रमाणे लेखनही बदलतो, ते बदलत नाहीत. शब्दाचं मूळ रूप लेखनात टिकवायचं हे तत्त्व तिथे १९३३ च्या शुद्धलेखनाच्या नियमांत पक्कं झालं. मुलांना हा भाग वाङ्मय आणि जगन्नाथवरूनच शिकवा, एका तासात डोक्यात बसतो.

व्याकरणात बिनधास्त मराठीतून विचार करा. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, ‘करून’, ‘जाऊन’ अशी जोडणी, ‘करून बघ’ला तर शब्दशः तशीच रचना. फक्त कर्त्याला लागणारा ‘गा’ हा प्रत्यय म्हणजे आपला ‘ने’ असं समजू नका. आपला ‘ने’ काळ आणि क्रियापद बघून येतो, ‘गा’ला त्याच्याशी देणंघेणं नाही. ‘गा’ आणि त्याच जागी येणारा ‘नुन’ हा दुसरा प्रत्यय यांतली निवड गोष्टीच्या सुरुवातीवरून समजते: एक राजा होता, इथे पहिल्यांदा आलेल्या राजाला ‘गा’च्या जातीचा प्रत्यय. तो राजा मोठा दयाळू होता, इथे ओळख झालेल्या राजाला ‘नुन’च्या जातीचा.

आदरार्थी रूपांना तर इंग्रजी पुस्तकं विनाकारण पानंच्या पानं खर्च करतात. मित्राला आपण ‘अरे, आजोबा आले’ म्हणतो. मित्र ‘अरे’तुरेतला, आजोबा मात्र आदरार्थी अनेकवचनात. कोरियनमध्येही या दोन गोष्टी अशाच वेगळ्या चालतात: ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्यासाठी क्रियापदात ‘शि’, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्यासाठी वाक्याचा शेवट. तिकडच्या दुकानांत अति अदबीने ‘आपल्या कॉफी आल्या आहेत’ अशा थाटाचं, कॉफीलाच मान देणारं वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि भाषेचे जाणकार त्यावर वैतागतात. ‘तुम्ही’साठी कोशात सापडणारा ‘तांगशिन’ साहेबांना चुकूनही वापरू नका. हुद्दा आणि त्याला जोडायचा आदराचा ‘निम’ पुरे, जसं आपण ‘सर, चहा घेणार का?’ म्हणतो.

शिकवायचं तर पहिले दोन आठवडे हंगुल, म्हणजे कोरियन लिपीचं वाचन आणि तीन-तीन शब्दांचं फक्त ऐकणं: आग, गवत, शिंग हे ‘पुल’सारखे ऐकू येणारे त्रिकूट उत्तम. मुलांनी बोट दाखवून ओळखायचं, बोलायचं नाही. फळ्यावर पहिल्या दिवसापासून देवनागरी बंद. पालक कुरकुर करतील की पोरं काहीच लिहीत नाहीत, करू द्या. मग मोबाइलवर स्वतःचा आवाज मुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ऐकायचा. तुम्हीही हेच करा, आणि साहेबांना एखादं वाक्य हळू म्हणून दाखवायला सांगा. कंपनीतली कोरियन मंडळी यात बहुधा आनंदाने वेळ देतात.

टोपिक-२ ला बसणार असाल तर एक सांगून ठेवतो. तिथे लेखन आहे, शेवटचा प्रश्न ६०० ते ७०० अक्षरांचा निबंध. त्यात बोलण्यातलं ‘-यो’ चालत नाही, सगळी वाक्यं ‘-दा’ने संपवावी लागतात. सवय आत्तापासून लावा, रोजनिशी त्याच शैलीत लिहा.