वीर्य चांगलं, वळू धडधाकट, मग गायी का उलटतात?

वळूची तक्रार घेऊन येणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. उलटणं म्हणजे भरवूनही गाभण न राहता गाय पुन्हा माजावर येणं. एका काकांचाही तोच होता. वळू त्यांनी वासरापासून वाढवलेला. क्षारमिश्रण बदललं, खुराक वाढवला, कुणी सांगितलं म्हणून जीवनसत्त्वांची इंजेक्शनंही दिली. तरी गायी राहीनात, तेव्हा आपलंच काहीतरी चुकलं असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मी आधी त्यांची वही मागितली. कोणती गाय कधी भरवली, पुन्हा माजावर कधी आली? बऱ्याच गायी नेहमीच्या 21 दिवसांनी नव्हे, महिना उलटून गेल्यावर आलेल्या. गर्भ साधारण सोळाव्या दिवसाच्या आत गेला तर गाय नेहमीच्या वेळीच माजावर येते आणि ती राहिलीच नव्हती असं वाटतं. त्यानंतर गेला तर माज लांबतो. म्हणजे इथे गर्भ धरत होता, टिकत नव्हता.

तरी मी लगेच गुणसूत्रांकडे धावत नाही. वळूने गायी भरवतात तिथे ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू हुबेहूब असंच करतात. त्यांच्या तपासण्या निर्दोष आल्या. त्याच गोठ्यातल्या गायी दुसऱ्या वळूपासून व्यवस्थित राहिल्या. मगच रक्त पाठवलं, साकळू न देणाऱ्या हेपॅरिनच्या नळीत आणि फ्रीझ न करता. पेशी जिवंत पोचाव्या लागतात, कारण त्या सुमारे तीन दिवस वाढवून, विभाजनाच्या ऐन टप्प्यावर थांबवून गुणसूत्रं बघतात.

रिपोर्टात संख्या 60, हवी तेवढीच. काकांचा चेहरा खुलला. पण खाली लिहिलं होतं की दोन वेगळ्या जोड्यांतल्या एकेका गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आहे. नुसतं मोजून हे सापडत नाही, गुणसूत्रांवर पट्टे उमटवून पाहावं लागतं. प्रयोगशाळेला तसं आधीच सांगावं.

काकांना समजावलं ते असं. दोन वह्यांची काही पानं बांधताना एकमेकींत गेली. दोन्ही वह्या जवळ आहेत तोवर एकही पान हरवलेलं नाही, म्हणून वळू ठणठणीत. शुक्राणू तयार होताना मात्र अनेकदा त्यांतली एकच पुढे जाते. काही पानं दुबार, काही गायब. असा शुक्राणूही झकास पोहतो. सूक्ष्मदर्शकाखाली वेग दिसतो, आकार दिसतो, आतला हिशेब दिसत नाही. गर्भ धरतो आणि थोड्याच दिवसांत जातो.

गुणसूत्रांचा दोष म्हटलं की लोकांना लहान वृषणं आणि शुक्राणूंचा पत्ताच नाही असा वळू आठवतो. तसेही असतात, एक एक्स गुणसूत्र जास्त असलेला, 61 गुणसूत्रांचा एक्सएक्सवाय वळू त्यातलाच. खरं सांगायचं तर मला त्याची धास्ती कमी वाटते, कारण त्याचं लवकर उघडं पडतं. याउलट, पहिलं आणि एकोणतिसावं गुणसूत्र जोडलं जाणारा दोष 1964 मध्ये स्वीडनमध्ये प्रथम नोंदला गेला. पुढे तो कितीतरी जातींत सापडला, कारण त्याने प्रजननक्षमता थोडीच घटते आणि वाहक वळू निवांत पुढची पिढी देत राहतो.

“औषध काय?” नाही. खुराकाने, इंजेक्शनाने हे बदलत नाही, आणि खुराकामुळे झालेलंही नाही. गायींना याची लागण होते का? होत नाही, पुढच्या वेळी निरोगी वळूपासून त्या राहतात.

वळू विकावा का, यावर मी स्पष्ट बोलले. पैदाशीसाठी कुणालाही द्यायचा नाही. खच्ची करून ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. काका गप्प राहिले, मग म्हणाले, “पण त्याचा एक गोऱ्हा मी पुढचा वळू म्हणून धरलाय.”

अडचण तिथेच होती. अशा वळूच्या जगलेल्या वासरांपैकी साधारण निम्मी तीच अदलाबदल घेऊन जन्मतात आणि दिसायला बापासारखीच देखणी असतात. गोऱ्ह्याचं रक्त पाठवलं, वळूच्या आईचंही. रिपोर्ट येईपर्यंत गायी कृत्रिम रेतनाने भरवायच्या आणि त्या वळूच्या कालवडींना वहीत वेगळी खूण करायची, असं ठरलं.