कोठाराला आजच घर समजू नका

ताई, पुण्यातला फ्लॅट तसाच ठेवून इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्स या डोंगराळ भागातलं अठराव्या शतकातलं ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा-यादीतलं संरक्षित घर घ्यावं का, आणि आवारातलं दगडी कोठार पुढे आई-बाबांना राहण्याजोगं करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. त्याच भागातल्या वेन्सलीडेल खोऱ्यात आम्ही असंच घर घेतलं, त्याला नऊ वर्षं झाली. घर मनापासून आवडलं असेल तर जरूर घ्या. पण कोठाराचे पैसे कोठाराचेच मोजा. खाली गुरं, वर गवताचा माळा, एवढीच त्याची आजची किंमत.

'यादीत नाव फक्त घराचं आहे' असं एजंट सांगेल. त्यावर विसंबू नका. घराच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभं असलेलं बांधकाम बहुधा घराबरोबरच संरक्षित धरतात. मग गोठ्याचं घर करायची इंग्लंडमधली सोपी वाट बंद होते. नियोजन परवानगी आणि लिस्टेड बिल्डिंगची संमती अशा दोन्ही लागतात. संमतीशिवाय बदल करणं हा गुन्हा आहे. शिवाय आधीच्या मालकाने गुपचूप बसवलेली प्लॅस्टिकची खिडकीसुद्धा नव्या मालकाला काढायला लावू शकतात, कितीही वर्षं उलटली तरी. वकिलाकडून प्रत्येक बदलाचे कागद मागवा.

कोठारात वटवाघळं असली तर त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. तिन्हीसांजेला ती बाहेर पडतात तेव्हाची पाहणी मे ते सप्टेंबरमध्येच होते. आम्ही ऑक्टोबरात तज्ज्ञ शोधायला लागलो आणि पुढच्या मेपर्यंत हातावर हात धरून बसलो.

आमच्या उत्तरेकडच्या भिंतीच्या सांध्यांत कुणीतरी सिमेंट भरलं होतं. जानेवारीत आतून हात टेकवला की तळवा ओला व्हायचा, बाहेरून दगडाचा पापुद्रा नखाने निघायचा. आपल्या वाड्यांसारखा इथेही मूळ सांधा चुन्याचा. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडतं. गवंड्याने छिन्नीने वीत-वीत सिमेंट काढून चुना भरला, त्यात दोन उन्हाळे गेले. म्हणून लेव्हल थ्री सर्व्हे, म्हणजे घराची सर्वांत सखोल तपासणीच करून घ्या, तोही जुन्या दगडी घरांत हात मुरलेल्या माणसाकडून.

आता पैशांचं. पुण्याचा फ्लॅट असल्यामुळे इथलं घर स्टॅम्प ड्यूटीत दुसरं घर म्हणून मोजलं जातं. त्यावर ५ टक्के जादा, म्हणजे पाच लाख पौंडांच्या घराला २५,००० पौंड. इथे अजून राहत नसाल तर आणखी २ टक्के. भारतातून पैसे आणताना रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. आणि घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही, तो आधी हातात हवा.

घर पाहायला भर पावसात जा. कोठाराच्या मधोमध उभ्या राहून दगडी कौलांतून पाणी कुठे टपकतं ते बघा, आणि तुळया भिंतीत शिरतात तिथे सुरीचं टोक हलकेच दाबून पाहा. टोक आत गेलं, तर मला आधी फोन करा, मग बोली लावा.