आजीच्या कार्डावरच्या चार ओळी

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. मराठी माणसं लग्नात, बारशाला, पत्रिकेत, अगदी तिळगूळ हातावर ठेवतानासुद्धा ओळी का जुळवतात? आणि आजीच्या पंच्याहत्तरीच्या कार्डावर तुला स्वतःच्या चार ओळी लिहायच्या आहेत, त्या कशा लिहायच्या? वर "मला कविता येत नाही" असंही म्हणालीस. याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, कारण त्यात बोटांवर अक्षरं मोजावी लागतात. म्हणून लिहून पाठवते आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जात्यापाशी आहे. घरोघरी पीठ जात्यावर निघायचं तेव्हा पहाटे बायका दळायला बसत. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे आणि त्या घरघरीत ओवी म्हणायची. माहेर, भाऊ, विठ्ठल, पाऊस, नवऱ्याचा राग, सगळं ओवीत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या म्हणणाऱ्या बायका शेतात राबणाऱ्या आणि घर ओढणाऱ्या होत्या. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) तर लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काम करता करता म्हणायच्या आणि घरातल्यांनी ते उतरवून घेतलं. पुस्तक निघालं ते त्या गेल्यानंतर, १९५२ साली. संसार कसा, तर चुलीवरच्या तव्यासारखा, आधी हाताला चटके बसतात आणि मग भाकर मिळते, असं त्यांनी म्हटलं. ही उपमा त्यांना शोधायला जावं लागलं नाही, ती रोज समोर तापत होती.

म्हणजे आपल्याकडे ओळ जुळवणं हे हाताचं काम आहे, भाकरी थापण्यासारखं. कुणाची भाकरी सुरेख होते, कुणाची कडेला चिरते, पण थापायला सगळेच बसतात. तेव्हा "येत नाही" हे वाक्य बाजूला ठेव आणि बोटं मोकळी कर.

तुझ्यासाठी मी अभंगाचा साचा निवडला आहे. याच्या एका कडव्यात चार तुकडे असतात, त्यांना चरण म्हणतात. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. तुकोबांची ओळ तुला पाठ आहे, तीच मोजून बघ: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-या, चार. 'विटेवरी'ला 'कटावरी' जुळलं आणि चौथा चरण आखूड पडला. त्या आखूडपणातच सगळी गंमत आहे. तीन पावलं सारखी टाकून चौथ्या पावलाला थांबल्यासारखं होतं आणि त्या चार अक्षरांवर आपोआप वजन येतं. म्हणून मनातलं सगळ्यात महत्त्वाचं तिथे ठेवायचं.

मोजताना तुझी चूक कुठे होईल ते आधीच सांगते, कारण तिकडे परदेशात वाढलेल्या सगळ्या मुलांची ती होते. तू कानाने मोजशील. 'कपाळ' हा शब्द आपण बोलताना क-पाळ असा दोन ठोक्यांत म्हणतो, पण अभंगात तो क-पा-ळ असा तीन अक्षरांचा धरतात. शेवटच्या अक्षरातला 'अ' बोलताना गिळला जातो, गाताना मात्र तो उघडतो. कुणीही अभंग म्हणताना ऐक, 'ध्यान'मधला न कसा लांबवतात बघ. जोडाक्षर कितीही जाड असलं तरी एकच मोजायचं, म्हणजे 'रात्र' दोन अक्षरं आणि 'गोष्ट'ही दोनच. अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब इथे लागत नाही.

तो हिशोब लागतो वृत्तांमध्ये. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ भुजंगप्रयातातली आहे, बारा अक्षरांची, आणि तीत कुठलं अक्षर लघु (आखूड) आणि कुठलं गुरू (लांब) हे ठरलेलं असतं: एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा. वृत्त सुंदर चालतं, पण त्यात पहिल्यांदाच लिहायला गेलं की माणूस लघु-गुरूच सांभाळत बसतो आणि आजी राहून जाते. ते पुढे कधीतरी.

आता कार्ड. आधी गद्यात लिही, एकच वाक्य, आणि ते खरं असू दे. 'आजी माझ्या जीवनातला दीपस्तंभ आहे' हे वाक्य कुठल्याही आजीला चिकटवता येतं, म्हणून ते तुझ्या आजीचं नाही. तू फोनवर मला सहज म्हणालीस ते बघ: "व्हिडिओ कॉलवर आजीचं नुसतं कपाळच दिसतं, आणि मला झोप आलेली असते तेव्हा तिच्याकडे कुकरच्या शिट्ट्या चालू असतात." हा कच्चा माल आहे आणि तो उत्तम आहे. त्यात एक दिसणारी वस्तू आहे (कपाळ), एक अडचण आहे (घड्याळ उलटं), आणि प्रेम हा शब्द कुठेही नाही.

यातून चरण कापायचे. 'मोबाईलच्या पडद्यावर' मोजलं तर दहा अक्षरं होतात, बसत नाही. 'फोनच्या काचेत' सहा होतात. शिवाय काच म्हटलं की ती गार लागते, बोटाला कळते. पडदा म्हटल्यावर तसं काही होत नाही. पुढे 'दिसते कपाळ', सहा. आता कपाळाला यमक हवं. कागदाच्या कडेला जे जे सुचेल ते लिहून काढ: आभाळ, गव्हाळ, सांभाळ, सकाळ. आभाळ लगेच हाताशी येतं, पण आजीच्या कपाळात आणि आभाळात तुला खरोखर काही दिसलं होतं का? नव्हतं. सकाळ मात्र तुझ्या वाक्यातच दडलेली होती, कुकरच्या शिट्ट्या म्हणजे सकाळच. 'तिथली सकाळ', सहा. आणि उरलेली चार अक्षरं तुझी:

फोनच्या काचेत
दिसते कपाळ
तिथली सकाळ
माझी रात्र

यमकाच्या शोधात अर्थ वाकवायचा नसतो. यमक वाक्यातच कुठेतरी लपलेलं असतं, ते सापडेपर्यंत शब्द हलवत राहायचे.

दुसरं कडवं करून बघू. आजी बोलताना तिची टिकली हलते, ओठ दिसत नाहीत, तरी गोष्ट पूर्ण ऐकू येते. टिकली हलते, ओठ दिसेनात, गोष्ट ये कानात. सहा, सहा, सहा. चौथ्यासाठी मोह होतो 'ऐके नात' असं लिहायचा. अक्षरं चार आहेत, नात ऐकते आहे, वर 'दिसेनात' आणि 'कानात' यांच्याशी जुळतंही. पण मोठ्याने म्हणून बघ. कानाला ते 'ऐकेनात' असं ऐकू येतं, म्हणजे कुणीच ऐकत नाही! अर्थ पार उलटा झाला. म्हणून ते टाकून दिलं आणि 'पूर्ण तरी' घेतलं:

टिकली हलते
ओठ दिसेनात
गोष्ट ये कानात
पूर्ण तरी

ओळ डोळ्यांनी तपासून पुरत नाही, तोंडाने तपासायची असते, ती अशासाठी.

इथे मी 'येते'चं 'ये' केलं. असं जुनं रूप एका कडव्यात एखादं चालतं. 'मज', 'तुज', 'तयाचे', 'जाहले' असे चार आले की मात्र नाटकातला भरजरी पोशाख घालून बाजारात गेल्यासारखं दिसतं.

मराठीत आणखी एक खड्डा आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे येते-जाते, हसते-बसते, असतो-दिसतो अशी यमकं फुकट मिळतात. फुकट मिळतात म्हणूनच ती कानावरून घसरून जातात. क्रियापद आत सरकव आणि शेवटी नाम येऊ दे. वर बघ, 'कपाळ दिसते' लिहिलं असतं तर पुढे 'हसते' आलं असतं आणि सकाळ कधीच आली नसती. अक्षर कमी पडलं की 'छान', 'सुंदर', 'माझ्या', 'हो' असे शब्द भरायचा मोह होतो. जात्यावरच्या ओवीत 'गं बाई' शोभतं, कारण तिथे ते गळ्याला विसावा देतं. कागदावर तो नुसता भराव होतो.

उखाणा यापेक्षा सैल असतो. त्यात अक्षरं मोजत नाहीत, दोन ओळी आणि शेवटी यमक एवढंच. तुझ्या मावसबहिणीच्या लग्नात चांदीच्या ताटाचे किती उखाणे झाले, आठव. पहिल्या ओळीत ताट आणि दुसऱ्या ओळीत नवऱ्याचं नाव, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तिथेच तो पडतो. पहिल्या ओळीने दुसरीकडे नेलं पाहिजे. बर्फाच्या देशातल्या घरी पाहुणे आले असतील तर असं काही: 'खिडकीत साठला बर्फ, गॅसवर आल्याचा चहा, अमुकराव म्हणतात, पाहुणे, आज इथेच राहा.' बर्फ पडतो आहे, म्हणून राहा. नाव मधे आलं आणि निमंत्रणही झालं.

आता तू विचारलं नाहीस तेही सांगते, कारण वर्षातून एकदाच लिहायच्या कार्डापेक्षा मला ते जास्त जवळचं आहे. रोजच्या गद्यालाही हीच नजर लागते. मावशीने फराळ पाठवला की तू लिहितेस, 'फराळ मिळाला, खूप छान होता, थँक यू.' त्याऐवजी असं लिहिता येतं: 'डबा उघडला आणि आधी चकलीतल्या ओव्याचा वास आला. इतक्या लांबून येऊन एकही करंजी फुटली नव्हती.' मावशीला कळतं की तू डबा खरंच उघडलास आणि तिने करंज्या कशा रचल्या होत्या तेही पाहिलंस. एक वास, एक वस्तू, एक क्रियापद, एवढं पुरतं. विशेषणं जवळजवळ लागतच नाहीत.

आणि आपले नादाचे शब्द वापर, ते मराठीचं मोठं धन आहे. पावसाची भुरभुर वेगळी, रिमझिम वेगळी, रिपरिप तर अगदीच वेगळी. भुरभुरीत चालत जाता येतं, रिमझिम खिडकीतून बघत बसावीशी वाटते आणि रिपरिपीने वैताग येतो. सर येते आणि जाते, संततधार थांबत नाही. बर्फासाठी असे शब्द आपल्याकडे फारसे नाहीत, कारण आपल्या गावांनी बर्फ पाहिला नाही. मग पावसाचे उसने घे. वाऱ्याबरोबर पिठासारखा बारीक पडतो तेव्हा तो भुरभुरतोच की. तुझ्या बसच्या काचेवरचं धुकं, कपडे वाळवायच्या यंत्राची घुरघुर, वसतिगृहाच्या जिन्यातला ओल्या बुटांचा वास, हे सगळं मराठीत लिहायला हरकत काय? मोगरा आणि कोकिळा तुझ्या खिडकीत नाहीत, तर कार्डावरही उगीच आणू नकोस. बहिणाबाईंनी स्वतःची चूल लिहिली, तू स्वतःची खिडकी लिही.

कार्ड लिहिताना वर मायना घाल: ति. आजीस, शि. सा. न. वि. वि. शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. मग ओळ सोडून कडवी, प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीवर, काळ्या शाईने, अक्षर मोठं. दोन कडवी पुरेत. चार केलीस तर तिसरं हमखास पहिल्याचीच री ओढतं.

वाढदिवसाला सगळे व्हिडिओवर जमतील तेव्हा तूच वाचून दाखव. चरण संपला की श्वास घे, चौथ्या चरणाआधी किंचित थांब. आणि दोनदा वाच. पहिल्या वेळी लोक शब्द ऐकतात, ओळ त्यांच्यापर्यंत दुसऱ्या वेळी पोचते. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, तुमच्या मराठी मंडळात मराठी भाषा गौरव दिन असतो, तिथेही हेच लक्षात ठेव. तिथली मुलं एका दमात वाचून खाली बसतात आणि टाळ्या पडतात, पण कविता कुणाच्याच हाती लागत नाही. एक कविता दुसऱ्या कुणाची आणि चार ओळी स्वतःच्या, असं प्रत्येकाने आणलं तर आठ जणांत तास मजेत जातो.

पहिला खर्डा झाला की फोन कर. तू म्हण, मी इकडे बोटं मोजते.

तुझी,
आई

ता. क. 'पंच्याहत्तरी' हा शब्द घालायचा असेल तर तो पाच अक्षरांचा आहे: पं-च्या-ह-त्त-री. 'तुझी' लावलंस तर सात होतील. 'ही पंच्याहत्तरी' कर, सहा बसतात. आणि त्याच्या यमकाला 'घरी' आहे, 'भाकरी' आहे, 'पायरी' आहे. आजीच्या घराच्या पायरीवर बसून तू काय काय केलंस, ते आठव.