संत्र्याच्या बागेत ‘बॅक्टेरिया’ वापरले तर रोग-कीड खरंच थांबते का?

तुम्ही लिहिलंय की काटोलजवळ तीन एकर संत्रा आहे, दर पावसाळ्यात चार-सहा झाडं डिंक्याने (साल सडून खोडातून डिंक गळतो त्या रोगाने) जातात आणि कृषी केंद्रवाल्याने बॅक्टेरियाची दोन पाकिटं हातात ठेवलीत. पैसे पाण्यात जातील का, असं विचारलंय.

माझी बाग कळमेश्वर तालुक्यात आहे. माझे पहिल्या वर्षी गेले, पण त्यात बॅक्टेरियाचा काही दोष नव्हता. जूनमध्ये मी झाडांना स्यूडोमोनास या जिवाणूची आळवणी केली, म्हणजे आळ्यात मुळांशी त्याचं पाणी ओतलं. चौथ्या दिवशी पानं पिवळी दिसली, घाबरलो आणि त्याच आळ्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक ओतलं. तांबं बुरशीला मारतं तसं जिवाणूलाही मारतं. राखणीला माणूस ठेवायचा आणि त्याच्याच भाकरीत विष कालवायचं, असला तो प्रकार. आता रासायनिक आळवणी केलीच तर मध्ये १५ दिवस तरी जाऊ देतो.

भाऊ, आधी पाकिटावरचं नाव वाचा. दुकानात सगळ्यालाच ‘बॅक्टेरिया’ म्हणतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. चांगली आहे, कामाची आहे, पण जिवाणू नाही. मुळांसाठीचे जिवाणू म्हणजे स्यूडोमोनास फ्लुरोसन्स आणि बॅसिलस सबटिलिस. स्यूडोमोनास मुळांना चिकटून वस्ती करतो आणि आजूबाजूचं लोह स्वतःच्या द्रव्याने बांधून घेतो, त्यामुळे रोगाच्या बुरशीला ते मिळत नाही. प्रयोगशाळेत अतिनील प्रकाशात हेच द्रव्य पिवळसर हिरवं चमकतं, म्हणून नावात फ्लुरोसन्स. शिवाय तो बुरशीला मारक रसायनं सोडतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. पण हे सगळं रोग येण्याआधीचं. डिंक्या करणारी फायटोफ्थोरा (बुरशीसारखा रोगजंतू) एकदा सालीत शिरली की आळ्यात कितीही पाकिटं ओता. तिथे धारदार चाकूने सडलेली साल खरवडायची आणि बोर्डो मलम लावायचं: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. आणि आपल्या भारी जमिनीत पाणी साचत असेल तर आधी चर काढा. खोडाशी पाणी तुंबलेलं असताना कुठलाच जिवाणू ते झाड वाचवणार नाही.

दुसरी गोष्ट, पाकिटातला जीव जिवंत आहे का? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि माल बहुतेक वेळा टिनाच्या शेडमध्ये पडून असतो. बॅसिलस बीजाणू धरतो, म्हणजे कवच घालून झोपतो, म्हणून तो बराच तग धरतो. स्यूडोमोनासकडे हे कवच नाही. उन्हाळा टिनाखाली काढलेलं पाकीट म्हणजे निव्वळ शंखजिऱ्याची पूड, जिवाणू ज्यात मिसळलेले असतात ती. मी आता तारीख बघतो, एका ग्रॅममध्ये १० कोटी जिवाणू लिहिलेत का ते बघतो, आणि दुकानदाराला माल कुठे ठेवतोस ते दाखव म्हणतो. तो चिडतो. चिडू द्या.

माझी पद्धत साधी आहे. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की सावलीत कुजलेल्या शेणखताच्या ढिगात पावडर मिसळायची, वर ओलं पोतं टाकून आठवडाभर मुरवायचं, आणि वाफसा आल्यावर खोडाला न चिकटवता झाडाच्या सावलीच्या घेरात पसरून हलकी माती ओढायची. गावात ड्रममध्ये गूळपाणी घालून ‘वाढवण्याची’ टूम आहे. मीही केली. आंबूस वास आला, फेस आला, पण त्यात नेमकं काय वाढलं हे वासावरून कोण सांगणार?

आता कीड. त्यासाठीचा जिवाणू वेगळा, बॅसिलस थुरिंजेन्सिस, म्हणजे आपला बीटी. आपल्याला बीटी म्हटलं की २००२ पासूनचं कपाशीचं बियाणं आठवतं; त्यात या जिवाणूचं फक्त जनुक आहे, पाकिटात अख्खा जिवाणू. याचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी पोटात विरघळतं आणि आतड्याला भोकं पाडतं. पोटात गेल्याशिवाय काम नाही, म्हणून रस शोषणाऱ्या काळ्या माशीवर, सिट्रस सायलावर शून्य उपयोग. नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, लिंबूवर्गीय फुलपाखराची अळी येते ना, लहानपणी अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी, तिच्यावर मी मारतो. दुसऱ्या दिवशी अळ्या पानावर तशाच दिसतात; माझा भाऊ म्हणाला, काहीच झालं नाही. मी त्याला पान जवळून दाखवलं: नवीन कुरतडणं बंद होतं, खाली ताजी लेंडी नव्हती. आणखी दोन दिवसांनी त्या काळ्या, लिबलिबीत होऊन वाळल्या. अळी बोटाएवढी हिरवी झाल्यावर मात्र उशीर होतो, तेव्हा हाताने वेचलेली बरी.

फक्त शेजारी कुणी रेशीमअळ्या पाळत असेल तर जपून. १९०१ साली जपानमध्ये हा जिवाणू सापडला तोच मुळी रेशीमअळ्यांच्या रोगात.

तुमच्या पाकिटांवरची नावं तुम्ही लिहिलेली नाहीत. एखाद्यावर थुरिंजेन्सिस असेल तर ते आळ्यात नको, पंपात घाला आणि ऊन उतरल्यावर, पाचच्या पुढे फवारा. उन्हात त्याचा जोर लवकर ओसरतो.